हाड, शिंग, लाकूड: खाचांच्या मुठी साफ करताना ठेवलेल्या नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

गणपती गेले. दसरा १२ ऑक्टोबरला आहे. तोवर घरातल्या चार हत्यारांच्या मुठी साफ करायच्या आहेत. पाती यात धरलेली नाहीत. धारवाला आमच्या गिरगावच्या चाळीत येतो आणि पात्यांचं काम चोख करून जातो. मुठींकडे मात्र कुणी बघत नाही, आणि वर्षानुवर्षांचा मळ साचलाय तो तिथेच. जुन्या खाचांच्या मुठी पुष्कळ घरांत असतात आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांवर चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी, जे हाताशी येईल ते फिरवलं जातं. म्हणून या नोंदी.

पहिला काकांचा घडीचा चाकू. काका व्यापारी जहाजावर होते, त्यांनी बाहेरून आणलेला. मुठीच्या दोन्ही अंगांना हाडाच्या तपकिरी पट्ट्या, त्यांवर यंत्रानं कोरलेल्या बारीक खाचा, पट्ट्यांखाली पितळेचं अस्तर, टोकाला जर्मन सिल्व्हरच्या टोप्या. दुसरी आत्याची सुरी. तिची मूठ म्हशीच्या शिंगाची आहे आणि शिंगाची बाहेरची रेघाळ साल तासून न काढता तशीच ठेवली आहे. तिसरी देवगडकडून आलेली कोयती, लाकडी मूठ, पकड बसावी म्हणून कानशीनं आडव्या खाचा मारलेल्या. चौथा एक जाड पात्याचा चाकू, गाठीगाठींच्या मुठीचा.

आज नुसतं बघितलं. चाकूच्या खाचांत काळपट चिकट थर, त्यात हळद-कुंकवाचे कण, पितळेच्या रिपिटांभोवती, म्हणजे पट्ट्या जोडणाऱ्या खिळ्यांभोवती, हिरवं मेणासारखं काहीतरी. सुरीवर जुन्या चिकटपट्टीचा तपकिरी डिंक आणि खाचांत पांढरी पूड. कोयतीवर फणसाचा चीक, काळा पडून दगडासारखा झालेला. एकाच पाटावर इतक्या जातींचा मळ, म्हणजे एका उपायानं भागणार नाही हे उघड आहे.

२० सप्टेंबर

आधी मूठ कशाची हे पक्कं केलं. घड्याळवाले डोळ्याला लावतात ते दहा पटींचं भिंग आणि मोबाइलची बत्ती, एवढ्यावर काम झालं. हाडात बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. जिवंतपणी रक्तवाहिन्या ज्यांतून जातात त्या नळ्यांची ती तोंडं. प्लॅस्टिकच्या नकली हाडात हे ठिपके नसतात. म्हशीच्या शिंगात असे ठिपके नाहीत. ते केराटिनचं, आपल्या नखाकेसांच्या जातीचं, आणि थरांथरांनी बनलेलं असतं. तापलेली सुई टोचून वास घ्यायची जुनी परीक्षा मी केली नाही. घरच्या वस्तूवर कायमचा डाग पाडून मिळणारं उत्तर भिंगातून फुकट मिळतं.

चौथ्या चाकूची मूठ हरणाच्या शिंगाची निघाली. ते शिंग म्हणजे खरं तर हाडच, दर वर्षी गळून नवं येणारं. बाहेरून पन्हाळी आणि गाठी, टोकाच्या छेदात सच्छिद्र गाभा. ते कुठल्या हरणाचं हे मुठीवरून नुसत्या नजरेनं ठरत नाही. सांबर-चितळांची शिंगं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि ती बाळगायला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे हा चाकू कामातून बाहेर काढला. कोरड्या ब्रशनं धूळ झटकली, कागदात गुंडाळला, वन विभागाकडे आधी विचारणा करायची. चोरबाजारातून जुने चाकू घेणाऱ्यांनी ही खातरजमा पैसे देण्याआधी करावी. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषा दिसतात. तशा दिसल्या तर वस्तू खाली ठेवून पुढे निघावं.

२१ सप्टेंबर

खरेदी. प्रिन्सेस स्ट्रीटवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्धा लिटर १८० रुपये, आणि लिक्विड पॅराफिनची छोटी बाटली ६० रुपये. नागदेवीत मिनरल टर्पेंटाइन एक लिटर १४०. रंगवाले त्याला एमटीओ म्हणतात. झाडाच्या राळेपासून काढलेलं टर्पेंटाइन वेगळं, ते वाळताना स्वतःच चिकटा सोडतं, तेव्हा विचारून घ्यावं. नायलॉनचे मऊ ब्रश ६०, हातमोजे १००, ओल शोषणारं सिलिका जेल १५०, हवाबंद डबा २८०, मधमाश्यांचं मेण १२०, आणि कालच घेतलेलं भिंग २५०. एकूण १,३४० रुपये. यातली निम्मीअधिक सामग्री उरणार आहे.

खाचा साफ करायचं साधन मात्र विकतचं चाललं नाही. दातकोरणी टोकाला लगेच चुरते, दाभण हाडावर ओरखडे पाडते. उदबत्ती जळून गेल्यावर उरणारी बांबूची काडी तिरकी कापली की उत्तम टोक मिळतं. बांबू हाडापेक्षा मऊ असल्यामुळे खाचेत फिरवला तरी चरा पडत नाही, आणि टोक झिजलं की पुन्हा कापायचं. देवघरातल्या काड्या आता मी टाकत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

काकांच्या चाकूवर थेट प्रयोग करायचे नाहीत. पितृपक्षात घरात मटण नाही, म्हणून लालबागच्या एका खानावळीतून नळीची हाडं मागून आणली. उकळून, मगज काढून, खरवडून, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवली. करवतीनं तुकडे केले, तिकोनी कानशीनं खाचा मारल्या, कपडे रंगवायच्या तपकिरी रंगात बुडवून रंगवले. मग मळ भरला: करडईचं तेल आणि हळद-कुंकू काही तुकड्यांवर, पितळ उजळायचं पांढरं पॉलिश काहींवर, चिकटपट्टीचा डिंक उरलेल्यांवर. खिडकीच्या उजेडात ठेवले. तेलाचे हात रोज देत राहणार.

करडईचं तेल मुद्दाम घेतलं. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांना हेच तेल लावायची पद्धत, स्वयंपाकघरात तेच असायचं म्हणून. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं आणि शेवटी वार्निशासारखा थर धरतं. चित्रकारांच्या तैलरंगांत ते वापरलं जातं ते याच गुणामुळे. मुठीवर तो गुण उलटा पडतो. खोबरेल असं वाळत नाही. शिवणयंत्राचं तेल तर अजिबात नाही.

२६ सप्टेंबर

काल संध्याकाळपासून पावसानं मुंबई बंद पाडली, आज शाळांनाही सुट्टी. घरात भिंती घामेजल्या आहेत. सुरीच्या शिंगावर पांढरी लव दिसली. खाचांतल्या जुन्या पांढऱ्या पुडीहून ती वेगळी आहे. भिंगाखाली बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात, बोटानं पुसले जातात आणि कुबट वास येतो. पॉलिशची पूड कोरडी, टणक, वासाविना.

बुरशीसाठी अल्कोहोल आणि पाणी ७० ला ३० मिसळून कापडाच्या चिंधीनं पुसलं. निव्वळ अल्कोहोल फार लवकर उडून जातं, थोडं पाणी असलं की ते बुरशीवर टिकतं. मुठीच्या वरच्या भागात काम छान झालं. पात्याजवळ आल्यावर चिंधी नारिंगी होऊन चिकटायला लागली. थांबले. भिंगातून बघितलं तर मूठ आणि पातं यांच्या सांध्यात लाख भरलेली आहे. आपल्याकडे पात्याची शेपटी मुठीत लाख किंवा राळ ओतून बसवायची जुनी रीत आहे, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आणखी थोडं पुसलं असतं तर सुरी मुठीत खिळखिळी झाली असती. उकळत्या पाण्यात बुडवणं तर त्याहून वाईट: लाखही मऊ पडते आणि शिंगही. शिंग उष्णतेनं वळतं, कंगवे-डब्या बनवणारे कारागीर याच गुणावर काम करतात.

म्हणून नियम केला: पात्याच्या सांध्यापासून दोन बोटं अंतरात अल्कोहोल नाही, कुठल्याच हत्याराला. सुरी सिलिका जेलसोबत डब्यात ठेवली. सकाळी निळे असलेले दाणे संध्याकाळपर्यंत गुलाबी व्हायला लागले होते, इतका दमटपणा.

२८ सप्टेंबर

नळीच्या तुकड्यांची परीक्षा. हा दिवस सगळ्यांत उपयोगी ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

लिंबू: शेजारच्या काकूंचा आग्रह होता, "पितळ बघ कसं निघतं लिंबानं, हाडही निघेल." रस लावून रात्रभर ठेवलेला तुकडा सकाळी निस्तेज पांढरा झाला होता आणि पृष्ठभाग नखानं खरवडला जात होता. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट, आणि आम्ल तेच विरघळवतं. चिंच, व्हिनेगर, आमसूल, सगळ्यांचा हाच धोका. काकूंना तुकडा दाखवला, त्यांनी स्वतः नख मारून बघितलं आणि म्हणाल्या, "मग माझ्या सासऱ्यांच्या सुरीची मूठ अशीच भुरभुरली असणार गं."

खाण्याचा सोडा: मळ थोडा निघाला, पण सोड्याचे कण खाचांत जाऊन बसले. काळा मळ काढून पांढरा भरला. रांगोळी, राख, दंतमंजन, कुठलीही पूड असो, खाचांच्या मुठीला पूड लावायची नाही. सुरीवरची पांढरी पूडही अशीच बसली आहे, कुणीतरी पितळेची शेंबी (मुठीच्या तोंडाशी बसवलेली धातूची कडी) उजळताना पॉलिश मुठीवर फासलं, ते वाळून बसलं.

रात्रभर साध्या पाण्यात भिजवलेला तुकडा केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवेत वाळवला. खाचेच्या तळापासून बारीक तडा गेला. पाणी आणि उष्णता दोन्ही वर्ज्य.

अल्कोहोल: तेलात अडकलेली हळद भराभर सुटली, चिंधी पिवळी-लाल झाली, आणि क्षणात तपकिरीही. म्हणजे मळासोबत हाडाचा रंगही उतरला. खाचा पाडलेलं हाड बहुधा रंगवलेलं असतं. रंग खाचेत गडद राहतो आणि उंचवटे हाताळून फिके होतात. जुन्या चाकूचं रूप ते तेवढंच. तो रंग पुसला गेला तर पुन्हा देता येतो, पण काकांच्या हाताखाली फिका झालेला तो उतार परत येत नाही.

एमटीओ: रंगाला धक्का लागला नाही, चिंधी तपकिरी झाली नाही. पण सुरुवातीला मळही हलला नाही, आणि मी जवळजवळ हा उपाय सोडणार होते. घट्ट झालेलं करडईचं तेल एमटीओत विरघळत नाही, ते फक्त फुगतं आणि मऊ पडतं, आणि त्याला वेळ लागतो. एमटीओनं ओलसर केलेली सुती पट्टी मुठीभोवती गुंडाळली, वर प्लॅस्टिकचा कागद, अर्धा तास ठेवलं. मग उदबत्तीच्या काडीनं थर सालीसारखा निघाला आणि हळद-कुंकू त्याच्याबरोबरच आलं.

इथे मला कामाची किल्ली मिळाली. कुंकू विरघळवायची गरजच नाही. ते खाचेत तेलामुळे धरून आहे. तेल सुटलं की पूड सुटते, आणि रंगाला शिवणारं अल्कोहोल बाटलीतच राहतं.

चिकटपट्टीच्या डिंकालाही एमटीओ पुरलं. निलगिरीचं तेलही चाललं, फक्त नंतर त्याचा स्वतःचा तेलकटपणा पुसावा लागतो.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. काकांचा चाकू घेतला. पातं मिटून जाड पुठ्ठ्यात गुंडाळलं, सांधा वरच्या बाजूला राहील अशी मूठ तिरकी धरली, म्हणजे ओघळ आत जात नाही. खिडक्या उघड्या, देवघरातली समई विझेपर्यंत बाटली उघडली नाही. एमटीओ पेट घेतं.

एक अंग पूर्ण करायला सकाळ गेली, दुसऱ्याला दुपार. घाई करण्याजोगं हे काम नाही. कापसाचे बोळे वापरू नयेत, तंतू खाचांत अडकतात आणि ते काढण्यात वेळ जातो. जुन्या धोतराची चिंधी काडीला गुंडाळून घेतली.

चिंधीवर येणारा रंग बघत राहणं हेच खरं काम. काळा-राखाडी म्हणजे हाताचा मळ आणि तेल, पुढे जा. पिवळा-लाल म्हणजे हळद-कुंकू, पुढे जा. हिरवा म्हणजे पितळेचा. तपकिरी दिसला की त्याच क्षणी त्या जागी थांबायचं. मी एका खाचेत थांबले तेव्हा तळाशी अजून काळी रेघ होती. भिंगातून बघितलं तर ती मळाची नव्हती, हाडातलीच नळी रंग पिऊन काळी झालेली होती. भिंग नसतं तर मी ती कोरत बसले असते.

रिपिटांभोवतीचं हिरवं मेण हे पितळेतल्या तांब्याची आणि तेलातल्या आम्लांची संगत. चामड्याच्या म्यानातल्या चरबीनंही ते होतं; हा चाकू अनेक वर्षं म्यानात पडून होता. काडीनं बरंचसं निघालं, उरलेलं एमटीओच्या ओल्या चिंधीनं. अमोनिया असलेली काच पुसायची द्रव्यं इथे नकोत, अमोनिया पितळेवर हल्ला करतो आणि ताणाखालच्या पितळेला तडे घालतो. रिपीट म्हणजे ताणाखालचंच पितळ.

हळदीची पिवळी छटा काही खाचांत राहिली. ती राहू दिली. हळदीचा रंग उजेडात आपोआप उडतो. उन्हात मात्र ठेवायचं नाही, हाड तापून फाटतं. खिडकीपासून आत, सावलीतल्या उजेडात ठेवला आहे.

५ ऑक्टोबर

शिंगाची सुरी. डिंक एमटीओनं सहज निघाला. पांढऱ्या पॉलिशनं दमवलं. त्यातला घट्ट भाग म्हणजे बारीक दळलेली पूड. ती एमटीओत विरघळत नाही, उचलूनच काढावी लागते. पूड एमटीओनं ओलसर केली की सैल होते, ब्रशनं उठते, पण वाळल्यावर शेजारच्या रेघेत परत पांढरी दिसते. शेवटी क्रम बदलला: छोट्या जागेवर ओलसर ब्रश, लगेच चिंधीनं टिपायचं, मगच पुढची जागा. सगळी मूठ एकदम ओली केली की पूड फक्त फिरत राहते. ज्या रेघा फार खोल होत्या तिथे थोडी पूड अजून आहे आणि तिथे आणखी टोकरायचं नाही असं ठरवलं, कारण शिंगाचे थर कडेनं उचलले जायला लागले होते. उचललेला थर परत बसत नाही.

मुठीच्या टोकाला तीनचार बारीक भोकं सापडली, त्यांत भुसा. कसर लागली होती. केराटिन खाणाऱ्या किड्यांना लोकर आणि शिंग सारखंच. भुसा ब्रशनं काढून काळ्या कागदावर झटकला, म्हणजे पुढे नवा भुसा पडला तर कळेल. संग्रहालयांत अशा वस्तू पिशवीत बंद करून गोठवतात. इथे पोलाद, लाख आणि शिंग एकत्र आहेत, थंडीत प्रत्येक वेगळं आकसेल, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही. बंद डब्यात, काळ्या कागदावर, नजरेखाली ठेवली आहे.

६ ऑक्टोबर

कोयती. फणसाच्या चिकाचा उपाय कोकणात लहान मुलालाही माहीत असतो: खोबरेल. पण ते ताज्या चिकाला. हा थर जुना, धूळ आणि धूर खाऊन टणक झालेला. खोबरेल लावून दुपारभर ठेवलं, वरचा पापुद्रा तेवढा सुटला. मग चिंधीची तीच पट्टी, या वेळी एमटीओची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. थर रबरासारखा झाला आणि खाचेच्या आकाराच्या दोऱ्या निघाव्यात तसा निघत गेला. खाचांच्या तळाशी लाकूड कोरं, मधासारख्या रंगाचं दिसलं तेव्हा आत्याला हाक मारली. ती बराच वेळ मूठ हातात फिरवत राहिली. म्हणाली, "आबांनी ही मूठ स्वतः बसवलेली. खाचा इतक्या सरळ आहेत हे मला आज दिसलं."

लाकडाला पाणी लावलं नाही. ओल्या लाकडाचे तंतू उभे राहतात आणि खाचेच्या कडा बोथट होतात. लोखंडी शेंबीजवळ काळा डाग आहे. तो मळ नाही. लाकडातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज मिळून जी शाई होते ती. ऑक्झॅलिक आम्लानं तो फिका करता येतो, पण आम्ल शेंबीखाली शिरलं तर धुऊन काढायला पाणी आलं, आणि पाणी म्हणजे पुन्हा गंज. डाग ठेवला.

चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल आणि एमटीओ असलेल्या चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात, मगच टाकाव्यात. वाळणाऱ्या तेलांच्या चिंध्यांचा गोळा स्वतः तापून पेटू शकतो.

९ ऑक्टोबर

शेवटचा हात. काल मेण एक भाग आणि लिक्विड पॅराफिन तीन भाग, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवलं, थेट गॅसवर नाही. थंड झाल्यावर मलम झालं. नळीच्या तुकड्यावर बोटानं लावलं आणि आज खाचांत पांढरट मेण साठलेलं दिसलं. म्हणजे साफ केलेल्या खाचा मीच पुन्हा भरत होते. मग मेणाचा भाग निम्म्यानं कमी केला आणि बोट सोडून ब्रश घेतला. ब्रशवर अगदी थोडं घ्यायचं, आधी कागदावर पुसायचं, उरलेलं मुठीवर फिरवायचं, आणि दुसऱ्या कोरड्या ब्रशनं लगेच झटकायचं. असं केल्यावर हाडाचा तपकिरी रंग खोल दिसतो आणि खाचा मोकळ्या राहतात. शिंगाला नुसतं लिक्विड पॅराफिन पुरलं. कोयतीलाही तेच, लाकडानं बरंच प्यायलं. करडई, सूर्यफूल, जवस यांपैकी काहीही नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

पाटावर चौथा चाकू नाही. त्याबद्दल वन विभागाच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. बाकी तीन मांडली. हळद-कुंकवाचं काय, यावर आत्याशी बोलणं झालं. तिचं म्हणणं, "शस्त्राला कुंकू लावल्याशिवाय पूजा कसली गं?" मला ते पटतं, या घरात हत्यारांना वर्षातून एकदा मान मिळतो तो याच दिवशी. मी म्हटलं, "आत्या, कुंकू लावूच, फक्त मुठीला नको, पात्याच्या पाठीला लावू. पातं पुसता येतं." तिनं तसंच केलं. अक्षता, झेंडू, आपट्याची पानं पाटावर, हत्यारांच्या बाजूला. संध्याकाळी पाती कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात दिला. ओली हळद रात्रभर राहिली तर पोलादावर डाग पडतो.

२० ऑक्टोबर

तपासणी. चाकूच्या खाचांतली पिवळी छटा बरीच फिकी झाली आहे. रिपिटांभोवती हिरवं परत आलेलं नाही. चाकू म्यानात न ठेवता सुती कापडात ठेवला आहे. सुरीखालचा काळा कागद स्वच्छ, नवा भुसा नाही, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत दर महिन्याला बघत राहणार. सिलिका जेल मंद आचेवर कढईत परतून पुन्हा निळं करून घेतलं. ही कढई स्वयंपाकाची नसावी, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं.

कोयती गावी परत पाठवायची आहे. तिथे ती फणसालाच लागणार, चीक पुन्हा बसणार. सोबत लिक्विड पॅराफिनची बाटली आणि चिठ्ठी देते आहे: फणस कापण्याआधी हाताबरोबर मुठीलाही खोबरेल चोळा, आणि काम झाल्याबरोबर, चीक ओला असतानाच, पुसून टाका.